डबा पोचला, पण दुपार टळून गेल्यावर

उशिरा लिहितोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. बरेच जण विचारत होते की त्या एका डब्याचा काय घोळ झाला... पण कारण सापडेपर्यंत लिहायचा धीरच होत नव्हता.

शहागंजात आमचं छोटं किचन आहे. आजारी माणसांसाठी पथ्याचे डबे करतो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, ऑनलाईनचं सगळं माझी सून रेणुका बघते.

गिऱ्हाईकानं वेबसाईटवर ऑर्डर टाकली की आमच्या किचनमधल्या लॅपटॉपला आपोआप निरोप येतो आणि चिठ्ठी छापली जाते. त्या निरोपाला वेबहुक म्हणतात. मला तर पहिल्या दिवसापासून एकच धास्ती... निरोप आलाच नाही तर?

मागच्या आठवड्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. तिचे वडील नरहरराव इथं आमच्याच शहरात, गारखेड्यात एकटे राहतात, इन्शुलिन घेतात. ती रोज सकाळी त्यांची तब्येत विचारून मगच ऑर्डर टाकते.

म्हणाली, "काका, बाबांना आज दुपारी चक्कर आली. दुपारचा डबा अधूनमधून संध्याकाळी येतो म्हणतात. तुमच्याकडून होत नसेल तर स्पष्ट सांगा."

इन्शुलिन घेतलेला माणूस आणि पोटात अन्न नाही...

रेणुकानं लॅपटॉप बघितला. "बाबा, सगळे निरोप पोचलेत. हे बघा, सगळ्यांपुढं हिरवी खूण आहे."

"पोचले तर मग माणूस उपाशी कसा राहिला गं?"

मी म्हटलं, कारण सापडल्याशिवाय मी इथून उठत नाही. ती शेजारी खुर्ची ओढून बसली. तिच्याकडं एक एआय एजंट, म्हणजे कॉम्प्युटरमधला मदतनीस आहे. त्याला नवीन टूल जोडलंय, त्यातून कुठला निरोप कधी निघाला, कधी पोचला हे तो तपासतो. मराठीत विचारलं तरी चालतं.

मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. नरहररावांचा निरोप आला का? आला. नक्की? नक्की. रेणुका म्हणाली, "बाबा, तो काय कंटाळायचा नाय, पण मी कंटाळले." शेवटी मी विचारलं, "निरोपानं पहिल्यांदा आपलं दार कधी वाजवलं, आणि आपण कधी उघडलं?"

तेव्हा खरं बाहेर आलं. निरोप सकाळीच निघाला होता, पण आमच्याकडून उत्तर गेलं नाही. मग वेबसाईटनं थोडं थांबून तो पुन्हा पाठवला, आणखी थांबून पुन्हा... शेवटी पोचला, तोवर डब्यांची रिक्षा निघून गेलेली. चिठ्ठी संध्याकाळच्या ऑर्डरींत मिसळली आणि डबा संध्याकाळी गेला. रेणुका शेवटची हिरवी खूण तेवढी बघत होती. बाकीचे लोक आदल्या दिवशीच ऑर्डर टाकतात, म्हणून त्यांचं कधी चुकलं नाही.

नरहररावांचे चुकलेले निरोप सगळे सकाळी एकाच सुमाराचे. इंटरनेट बंद होतं म्हणे त्या वेळी. पण का?

स्वयंपाक सांभाळणाऱ्या शबाना आपा मागं भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "उस टाइम तो मैं मसाला पीसती."

किचनच्या बोर्डावर एकच सॉकेट धड चालतं. आपा इंटरनेटच्या राउटरची पिन काढून मिक्सरची लावायच्या, वाटण झालं की राउटरची परत लावायच्या. इतकी साधी गोष्ट... आम्ही सगळे रोज डोळ्यांनी बघत होतो.

मी काही बोलायच्या आत आपाच म्हणाल्या, "चाचा, मेरे कू ऐसा मत देखो. मिक्सर क्या सर पे चलाती?"

त्यांचं बरोबरच होतं. त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून मिक्सरसाठी वेगळं सॉकेट बसवून घेतलं. आता पहिलाच निरोप अडकला तर एजंट लगेच माझ्या मोबाईलवर कळवतो. रेणुका म्हणते, "बाबा, आता तरी निवांत राहा." ते काय आपल्याला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी नरहररावांचा डबा मी स्वतः घेऊन गेलो. ते जेवेपर्यंत समोर बसलो. म्हटलं, "एक फोन करायचा होता ना, दादा."

ते म्हणाले, "तुमच्याकडंच काही अडचण असंल म्हटलं. उगं कशाला तरास."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. मशीनचा निरोप उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा दार वाजवतो... आणि भुकेला माणूस मात्र एकदाही वाजवत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. डबा यायला जरा जरी उशीर झाला तरी संकोच करू नका, लगेच कळवा. आणि ज्यांचे आईवडील आमच्याकडून जेवतात, त्यांनी आज एकदा घरी विचारून बघा, डबा वेळेवर येतो का... आणि मला लवकर कळवा. मी वाट बघतोय.