'कल्ला'चे संपादक हेमंतभाऊ

"हेमंतभाऊ, तुम्ही खोटारडे आहात."

मी त्यांना लिहिलेलं पहिलं वाक्य हे. तेही पोस्टकार्डावर. म्हणजे शिंदखेड्यापासून जळगावपर्यंत ज्याच्या हातात पडलं, त्या प्रत्येकाने वाचलं असणार.

आज सकाळी हेमंतभाऊ गेले. जळगावात, मेहरूणच्या राहत्या घरी. हार्ट अटॅक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऐंशीच्या दशकात जळगावातून रॉक म्युझिकचं एक मासिक निघायचं. नाव 'कल्ला'.

हो, रॉक. हो, मराठीत. हो, जळगावातून.

हेमंतभाऊ रावेरकडच्या केळीवाल्या घरातले. शहरात एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. सकाळी पोरांना टायपिंग. दुपारी त्याच मशीनवर स्टेन्सिल कापायची आणि सायक्लोस्टाईलवर अंक काढायचा. सोळा पानं. शाईने हात मनगटापर्यंत काळे.

गठ्ठे एसटीने निघायचे. अमळनेर, चाळीसगाव, धुळे, शिरपूर.

मला पहिला अंक धुळ्याच्या एका कॅसेटच्या दुकानात मिळाला. मी सेकंड इयरला होते, शिंदखेड्याहून रोज अप-डाऊन. इंग्रजी गाणी आवडायची, पण शब्द डोक्यावरून जायचे. 'कल्ला'त त्यांचा अर्थ यायचा, आपल्या भाषेत, घरात बोलतो तसा. 'कल्ला'त छापलं म्हणजे खरंच, अशी माझी श्रद्धा.

मग धुळ्याच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला पुण्याचा बँड आला. मी आणि माझा भाऊ पुढच्याच रांगेत.

दुसऱ्या गाण्याला लाईट गेली.

गेली ती गेलीच. गिटार मुकी, माईक बंद. अर्धी पोरं शिट्ट्या मारत निघून गेली.

ड्रमवाला मात्र थांबला नाही. गाणारा मुलगा स्टेजवरून खाली उतरला, खुर्च्यांच्या मधे येऊन उभा राहिला आणि नुसत्या गळ्याने गायला लागला. उरलेल्या आम्ही सगळ्यांनी खुर्च्यांवर हात आपटून ठेका धरला. असं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या 'कल्ला'त हेमंतभाऊंचं परीक्षण: "शेवटच्या गाण्यातल्या गिटार सोलोने अख्खं सभागृह हादरलं."

कसला सोलो? लाईट कुठे होती?

इतका राग आला की त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं.

उत्तर आलं नाही. अंक आला. पहिल्या पानावर माझं पोस्टकार्ड, जसंच्या तसं. 'खोटारडे'सकट. फक्त नाव गाळलेलं. खाली दोन ओळी:

"मी कार्यक्रमाला पोचलोच नाही. पारोळ्याजवळ एसटी बंद पडली आणि मी मनाने लिहिलं. हे पत्र खरं आहे. — संपादक."

आणि रविवारी स्वतः संपादक आमच्या ओट्यावर हजर. पोस्टकार्डावरचा पत्ता विचारत विचारत आलेले. चष्मा, खांद्याला शबनम, पायात स्लिपर. मला वाटलं होतं, लांब केस असतील.

आमचे आबा शेतकरी माणूस. रॉक म्हणजे काय, त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मन्ही पोरनी लिखं ते बठ्ठं खरं शे का?"

"हो आबा. बठ्ठं, सगळंच खरं."

"मंग आते काय काम शे?"

"त्या दिवशी काय झालं ते यांनी लिहावं. त्या तिथे होत्या, मी नव्हतो. तुमची हरकत असली तर नाव छापत नाही."

मी दाराआड. डोकं बाहेर काढून. आमच्या गल्लीत मुलीचं नाव छापून यायचं ते लग्नपत्रिकेत.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हेमंतभाऊंना म्हणाले, "छापशी तं पुरं छाप. खरं लिखेल शे, तं लपाडानं कसाले?"

माझं पूर्ण नाव छापून आलं. मधे आबांचं नाव, शेवटी आडनाव.

त्या लेखाचा पहिला खर्डा भाऊंनी परत पाठवला होता. 'अप्रतिम' या शब्दाभोवती गोल आणि शेजारी प्रश्न: "ताई, अप्रतिम म्हणजे नक्की काय ऐकू आलं?"

तो शब्द मी आजतागायत वापरलेला नाही. पुढे सव्वीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, तरी नाही.

'कल्ला'त मी शेवटपर्यंत लिहिलं. नव्वदीत केबल आली, टीव्हीवर दिवसभर बँड दिसायला लागले. एक दिवस भाऊ म्हणाले, "ताई, हा शेवटचा अंक."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण लोकांना ऐकायला मिळत नव्हतं तेव्हा आपण सांगितलं. आता त्यांना मिळतंय. काम झालं आपलं, आणि चांगलं झालं."

असे होते. स्वतःच्या कामाची किंमत पक्की ठाऊक असलेला माणूस.

आज अंत्ययात्रेला धुळ्याहून गेले. तिथे शिरपूरचे एक गृहस्थ भेटले, कापसाची शेती करणारे, साठीचे. म्हणाले, 'कल्ला'च्या शेवटच्या पानावर गिटारचे कॉर्ड यायचे, कुठलं बोट कुठल्या तारेवर. त्यावरून शिकलो.

"पण मी डावखुरा शे ना ताई. बठ्ठं उलटं पडे. तसं कळवलं त्यांना."

"मग?"

"दर महिन्याले माझ्या अंकात एक वेगळा कागद यायचा. सगळे कॉर्ड उलटे काढलेले, हाताने. मी एकटाच डावखुरा होतो."

"किती महिने?"

"बंद होईपर्यंत. एकदाही चुकला नाही."

हेमंतभाऊ, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत.

या आता. मनापासून नमस्कार.