मिकलथ्वेटांची भाऊबीज

आमच्या बिल्डिंगमधला एक म्हातारा हल्ली मला पाहिलं की लिफ्ट सोडून जिना धरतो. का ते सांगते, पण आधी तोंडातला चहा गिळा.

कॅनडात किचनर गावी लेकाकडे आले तेव्हा माझी शाळा चौथीपर्यंतची. इंग्रजी मी लायब्ररीत बसून शिकले, कुणाच्या उपकारावर नाही. तर आमच्या लॉबीत बझरच्या पाटीवर एकच विचित्र आडनाव दोनदा: मिकलथ्वेट. एक शेजारची मार्गारेट, माझी चहाची मैत्रीण. दुसरा तिसऱ्या मजल्यावरचा ग्रॅहम. लिफ्टमध्ये भेटले की मार्गारेटचं तोंड भिंतीकडे, त्याची मान खाली.

आडनाव एक आणि वर अबोला. भाऊबंदकी, दुसरं काय?

लायब्ररीतून आडनावांचं जाडजूड पुस्तक आणलं. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये मिकलथ्वेट नावाचं गावच आहे. जुन्या नॉर्स लोकांच्या बोलीत मिकल म्हणजे मोठं, थ्वेट म्हणजे जंगल तोडून काढलेलं रान. म्हणजे आपले मोठेरानकर. रान आलं की वाटणी आली, वाटणी आली की भांडण आलं.

नात म्हणाली, "आजी, जस्ट आस्क हर."

"विचारायचं काय त्यात? गावाकडे अशी किती घरं एक केली मी."

भाऊबीजेला दोघांना बोलावलं. ग्रॅहम सूट घालून, गुलाब घेऊन हजर. "तुमचे उपकार विसरणार नाही," म्हणाला. मला भरून आलं. बहिणीवर किती ती माया!

मार्गारेट त्याला पाहून दारातच थबकली. तिला बोलू दिलं तर मी कसली? हातात तबक दिलं, "ओवाळ." बिचारीनं ओवाळलं, टिळाही लावला.

ग्रॅहमनं लाजत विचारलं, "याचा अर्थ काय?"

"आजपासून तुम्ही बहीणभाऊ. जन्मभराचे."

गुलाब खाली पडले. मार्गारेट हसून हसून सोफ्यावर आडवी.

"अगं लीला, हा माझा नवरा होता. घटस्फोट झाल्यापासून परत लग्न कर म्हणून मागे लागलाय. याला कसं टाळावं ते मला सुचत नव्हतं, तू एका दिव्यात उरकलंस."

"मग तुझं आडनाव?"

"लग्नात मिळालं. तुला तुझं कुठून मिळालं?"

घ्या. आडनावाच्या मुळाशी म्हणून मी पार नॉर्स लोकांपर्यंत जाऊन आले. आणि सतराव्या वर्षापासून स्वतः नवऱ्याचं आडनाव मिरवतेय, ते काही त्या जाडजूड पुस्तकात सापडलं नाही.