खड्गदंतीचा जबडा आणि माझा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाने मला व्याख्यानाला बोलावलं, त्याला माझी विद्वत्ता कारणीभूत नव्हती. त्या महिन्यात मधुमेहावर बोलणाऱ्या डॉक्टरांनाच बरं वाटत नव्हतं. संघाचे सचिव मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "सर, आपण प्राणिशास्त्र शिकवायचात ना? मग रविवारी तासभर बोला काहीतरी. वेळ भरून काढायचा आहे."

उभं आयुष्य मी कनिष्ठ महाविद्यालयात बेडूक आणि झुरळ शिकवलं. बेडकाचं हृदय मी आजही डोळे मिटून काढतो. पण मनातून मला आवडायचा तो वेगळाच प्राणी. हजारो वर्षांपूर्वी अमेरिकेत राहणारा, वरचे दोन सुळे हनुवटीच्या खाली येणारा, मांजरांच्या कुळातला एक दणकट प्राणी. इंग्रजीत त्याला स्मायलोडॉन म्हणतात. मराठीत मी त्याला 'खड्गदंती' हे नाव दिलं होतं. या नावाचा मला अभिमान होता. बायको त्याला 'दात्या' म्हणायची.

तो अभ्यासक्रमात कधीच नव्हता. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी त्याच्यावर तुटून पडलो. दिवसभर संगणकावर त्याची हाडं बघायची आणि संध्याकाळी बायको भाजी निवडत असली की तिला ती सांगायची. ती "हं" म्हणायची. शाडूची माती आणून मी त्याची कवटीही केली होती. ती आमच्या जेवणाच्या टेबलावर सुकत पडलेली असायची. कामाला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी ह्याला फडकं मारणार नाही."

तेव्हा सचिवांना मी विषय सांगितला, "खड्गदंतीची शरीररचना." ते म्हणाले, "चालेल. तसंही सगळे चहासाठीच येतात."

आता तयारी म्हणून मी कात्रजला प्राणिसंग्रहालयात गेलो. वाघ जबडा किती उघडतो ते प्रत्यक्ष बघून सांगावं, अशी माझी कल्पना. वाघ माझ्याकडे पाठ करून झोपला होता. मी कठड्याला टेकून उभा. तिथला रखवालदार बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "काका, कुणाची वाट बघताय?"

"तो जांभई कधी देईल?"

"आता खाऊन झोपलाय. तुमीच द्यायला लागलाय की मगापास्नं."

ते खरं होतं. मी घरी आलो.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या निम्म्या भरल्या होत्या. पहिली रांग मोकळी, कारण तिथून मधेच उठता येत नाही. बायको शेवटच्या रांगेत होती. मी इस्त्रीचा झब्बा घालून, शाडूची कवटी पाटावर ठेवून सुरुवात केली. सांगायला संकोच वाटतो, पण सुरुवात चांगली झाली. हा वाघ नव्हे, वाघाचा पूर्वजही नव्हे, ही फार जुनी निराळी शाखा आहे, असं मी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मग जबड्यावर आलो.

"एवढे लांब सुळे म्हणजे तोंडही तेवढंच उघडायला हवं," मी म्हणालो. "नाहीतर दातांच्या टोकांमध्ये सावज शिरणार कसं? सिंह जेवढं तोंड उघडतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट हा उघडायचा. जबड्याची बिजागरीच निराळी होती."

संघाचे अध्यक्ष उठले. ते निवृत्त अभियंते. बिजागरी म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी कवटी उचलली, खालचा जबडा धरून हलवून पाहिला आणि तो त्यांच्या हातात आला.

"म्हणजे हा असा पूर्ण निघायचा?" त्यांनी विचारलं.

हॉलमध्ये हशा पिकला. माझ्या महिन्याभराच्या मातीचे दोन तुकडे झाले होते. तिथे शहाण्या माणसाने चहा मागवला असता. मी म्हणालो, "हरकत नाही. मी स्वतःच करून दाखवतो. माझ्या तोंडाच्या दुप्पट कल्पना करा."

आणि मान मागे टाकून मी तोंड उघडलं. आरशासमोर मी हे पुष्कळदा केलं होतं, पण तिथे प्रेक्षक नसतात. प्रेक्षक दिसले की मास्तराच्या अंगात येतं. मी आणखी थोडं उघडलं. दोन्ही कानांच्या पुढे 'खट्' असं काहीतरी झालं आणि जबडा तिथेच राहिला.

मी तोंड मिटायला गेलो. मिटेना.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "किती वेळ धरलंय हो, या वयात!" सचिव फोन घेऊन पुढे आले. "सर, जरा इकडे बघा." मी बघितलं. तो फोटो अजून सोसायटीच्या ग्रुपवर आहे.

मी हातवारे करायला लागलो. लोकांना वाटलं, आता पुढचे पाय दाखवतायत. अध्यक्ष म्हणाले, "वा! पण सर, आता मिटा. पुढचा मुद्दा घ्या." माझ्या तोंडातून लाळ झब्ब्यावर यायला लागली आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मला गिळता येत नव्हतं. काय झालंय ते प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला बरोबर कळत होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

तेवढ्यात बायको मागून पुढे आली. "अहो, मिटत नाहीये का?"

"आ."

तिने रुमाल काढून माझ्या हनुवटीखाली धरला आणि सचिवांना म्हणाली, "फोटो झाले असतील तर रिक्षा बघता का?"

रविवारी उघडा असलेला दातांचा दवाखाना सदाशिव पेठेत सापडला. तिथपर्यंत रिक्षात मी तसाच, आ वासून. प्रत्येक खड्ड्याला माझ्या घशातून आवाज निघे. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी तो चिडून म्हणाला, "काका, ओरडताय कशाला? हळूच चालवतोय की!"

"ते ओरडत नाहीयेत," बायको म्हणाली. "त्यांचं तोंड सध्या तसं आहे."

दवाखान्यातल्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि बायकोला विचारलं, "कशाने झालं? मोठी जांभई दिली का?"

"नाही. वाघ करून दाखवत होते."

"आ! आ आ!" मी खुर्चीतून उठायला लागलो.

"काय होतंय त्यांना? दुखतंय का?"

"नाही," बायको म्हणाली. "तो वाघ नव्हता, असं म्हणतायत."

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग दोन्ही अंगठ्यांना जाड पट्टी गुंडाळली. "काका, आपल्या जबड्याचा गोल भाग खोबणीतून पुढे घसरलाय आणि उंचवट्याच्या पलीकडे अडकलाय. तो खाली दाबून मागे ढकलायचा. मान सैल सोडा. आणि जागेवर बसल्याबरोबर माझा अंगठा चावू नका."

त्यांनी अंगठे माझ्या शेवटच्या दाढांवर टेकवले आणि दाबले. सैल सोडा म्हणणं सोपं असतं. सगळं अंग ताठ झालं होतं. डॉक्टर थांबल्या, परत दाबलं. बायकोने माझा हात धरला होता, हे मला नंतर कळलं, कारण सुटल्यावर बोटं ठणकत होती. तिसऱ्या खेपेला जबडा मागे सरकला आणि तोंड मिटलं. इतकं साधं सुख मी आयुष्यात दुसरं अनुभवलेलं नाही.

"वाघाचा तो पूर्वजही नव्हता," मी म्हणालो.

"बोलायचं नाही!" डॉक्टर आणि बायको एकदमच ओरडल्या.

डोक्यावरून हनुवटीखालून पट्टी बांधून मला घरी पाठवलं. पेज, पातळ वरण, मऊ भात. जांभई नाही, मोठ्याने हसणं नाही आणि पट्टी निघेपर्यंत बोलणं अजिबात नाही. हे शेवटचं कलम बायकोने डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं.

समाचाराला पुष्कळ लोक येऊन गेले. मी सोफ्यावर पट्टी बांधून बसलेला, ते माझ्याकडे बघून हसू आवरणारे. एक मात्र खरंच काही विचारायला आले. आमची सोसायटी ज्या शेतावर उभी आहे, त्या शेताचे मूळ मालक, हल्ली तळमजल्यावर राहतात. व्याख्यानात ते डोळे मिटून बसले होते, म्हणून मी त्यांना झोपलेले धरलं होतं.

"सर, एक शंका हाय," ते म्हणाले. "मारायला ते दात ठीक. पर येवढाले दात आडवे आल्यावर तो खायचा कसा?"

असा प्रश्न मला अख्ख्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. मी अंगठ्याने दाढेकडे खूण केली, बोटांची कात्री केली, मान वाकडी केली. ते काळजीने म्हणाले, "दुखतंय का लई?"

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "अहो, मांजर कसं मान तिरकी करून खातं? तसाच. तोंडाच्या बाजूने. त्याच्या दाढा कात्रीसारख्या होत्या. पुढचे सुळे लांब, पण पातळ. हाडावर आपटले तर मोडायचे. म्हणून आधी सावजाला पुढच्या पायांनी दाबून धरायचा, हलूच द्यायचा नाही. पाय बघाल तर अस्वलासारखे. मग मानेच्या जोराने दात गळ्यात. जबड्यात म्हणावा तसा जोर नव्हताच, सिंहापेक्षा कमी. शेपूटही आखूड. लांब पळणारा नव्हे, दबा धरून बसणारा."

"असं हाय व्हय!" ते समाधानाने म्हणाले. "कुस्तीगीरच म्हणायचा."

मी तिच्याकडे बघत राहिलो. एका तासात मी जे जबड्यापर्यंत नेऊन अडकवलं होतं, ते तिने उभ्या उभ्या शेपटीपर्यंत नेलं होतं. म्हणजे त्या सगळ्या 'हं'मध्ये ती ऐकत होती! मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी राग आला. 'कुस्तीगीर' हा शब्द मला का सुचला नाही?

गोष्ट सोसायटीत पसरली. पुढच्या महिन्यात महिला मंडळाने व्याख्यान ठेवलं, माझं नव्हे, तिचं. पट्टी तोवर निघाली होती. मला आकृत्यांचा कागद धरून उभं राहायचं काम दिलं. हॉल भरला होता, पहिली रांगसुद्धा. ती घरी बोलते तशीच बोलली. सगळे हसत होते आणि ऐकतही होते. मी कागद एकदा उलटा धरला, तेव्हाही हसले.

शेवटी कुणीतरी विचारलं, "तो डरकाळी फोडायचा की मांजरासारखा गुरगुरायचा?"

त्यावर मी घशातल्या बारीक हाडांपासून सुरू करून पाऊण तास बोललो असतो. वर्गात तर उत्तर ठोकूनच दिलं असतं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे.

"ते अजून नक्की कुणाला माहीत नाही," ती म्हणाली. "मलाही नाही, ह्यांनाही नाही."

लोकांनी माना डोलावल्या. कुणाचं काही बिघडलं नाही. मग चहा आणि बटाटेवडे आले. डॉक्टरांनी तोंड मोठं उघडायला अजून परवानगी दिली नव्हती, म्हणून मी माझा वडा कुस्करून चमच्याने खाल्ला. बायकोभोवती बायकांचा घोळका होता. तिचा वडा गार होत होता, तो मी ताटलीने झाकून ठेवला.