विशेषणं खालच्या मजल्यावर संपली

हसायचं तर हसा, पण आधी चहा पिऊन घ्या, नंतर घशाखाली उतरायचा नाही. मी माझ्या जिवलग मित्राची श्रद्धांजली भलत्याच माणसाला वाहून आलोय!

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या उल्हासनगरात शोकसभा असली की मला बोलावतात. मराठीचा निवृत्त मास्तर, झब्बा तयार, विशेषणं तयार. त्यात अवघड काय? शब्द घ्यायचा, मागे शेपूट जोडायचं. दया होती? दयाळू. कष्ट केले? कष्टाळू. माया केली? मायाळू. समोर सिंधी व्यापारी असतील तर दिलाचं दिलदार, इमानाचं इमानदार. मुलगा आयटीत असेल तर पप्पा हेल्पफुल. भाषा कुठलीही असो, शेपटं मिळतात. माणूस कसा होता, हे विचारावंच लागत नाही.

विश्राम माझा शाळेपासूनचा मित्र. अंबरनाथला बुवापाड्यात राहायचा, कारखान्यात फिटर होता. एकदम अबोल. तो गेला तेव्हा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांच्याबद्दल बोलायला तुमच्याशिवाय कोणी नाही. याल ना?"

मी म्हटलं, हे काय विचारणं झालं?

आणि नेमका निघायला उशीर झाला. अंबरनाथच्या त्या हॉलपाशी रिक्षातून उतरलो तर आत सभा रंगात. फोटोवर इतके हार की चेहराच दिसेना. गर्दी तर विचारू नका, पुढच्या रांगेत सिंधी शेठ बसलेले. मनात म्हटलं, विश्राम्या, लेका, एवढी माणसं जोडलीस आणि बोलला नाहीस कधी? तेवढ्यात कोणीतरी "सर आले" म्हणालं आणि माइक माझ्या हातात आला.

मग काय, सोडतोय मी? "आपले दादा" म्हणून सुरुवात केली आणि होतं नव्हतं ते सगळं वाहिलं. शेठ लोकांनी डोळे पुसले. मी स्वतः रडलो, आणि खरंच रडलो हो.

माइक ठेवला तर एक अनोळखी मुलगा येऊन पाया पडला. "सर, पप्पा अगदी असेच होते. दुकान आता मीच बघतो."

दुकान? विश्रामचं? बाहेरच्या फलकावरचं नाव मी तेव्हा कुठे वाचलं. विश्रामची सभा वरच्या मजल्यावर होती.

जिना कसा चढलो ते माझं मला माहीत. वर मांडववाले खुर्च्या एकावर एक रचत होते. वहिनी फोटोपाशी एकट्या बसल्या होत्या. झालं ते सांगून टाकलं, लपवणार कसं?

"आवाज तुमचाच वाटला मला," त्या म्हणाल्या. "इथे कोणीच बोललं नाही. मग खालचं ऐकूनच रडून घेतलं. आता ह्यांचं सांगा काहीतरी."

मी विश्रामच्या फोटोकडे बघितलं. त्याला हार एकच होता, चेहरा स्वच्छ दिसत होता. जन्माची मैत्री, आणि मी शेपटंच शोधत बसलो. शेवटी हाती लागलं ते एवढंच, "कष्टाळू होता."

"ते खालच्यांना दिलंत ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. रागाने नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आलो आणि बायकोला बजावलं, माझ्या शोकसभेच्या फलकावर एकही विशेषण नको, नुसतं नाव लिहा.

ती मेथी निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "दुसरं काय लिहिणार होतो?"