जेवून गेलेला गुंतवणूकदार

प्रेरणादायी उद्योजकांचं मला वावडं आहे. त्यांच्यातला एक आमच्या घरी जेवून गेलाय, म्हणून.

आई कांदा-लसूण चटणी करून विकायची. कोल्हापुरात प्रत्येक घराला आपलीच चटणी खरी वाटते, तरी लोक आईची मागून न्यायचे. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका मिरच्या निवडायला आमच्या अंगणात जमायच्या. तिचा छोटा कारखाना व्हावा, असं माझ्या मनात होतं. म्हणून ओळखीतून या माणसाला बोलावलं. नव्या धंद्यांत पैसे घालणारा, पेपरात फोटो येणारा.

आला, बूट काढले आणि आमच्याबरोबर खाली बसला. तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला. आई खूश. एक कबूल करायला हवं, त्याच्याइतकं नीट ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही. मध्ये तोडायचा नाही, अक्कल पाजळायचा नाही. फक्त विचारायचा, "आणि मग, काकू?"

"मग काय, कांदा उन्हात वाळवायचा, मगच तळायचा. न्हाईतर चटणी टिकत न्हाय. घ्या की पावणं, लाजताय काय!"

रंगाला कुठली मिरची, तिखटाला कुठली, खोबरं किती भाजायचं, सगळं तिनं वाढता वाढता सांगितलं. भागीदारीचं काय, असं मी विचारणार तोच तिनं डोळे वटारले. ताटावर बसलेल्या पाहुण्याला आमच्याकडे व्यवहार विचारत नाहीत. जाताना तो वाकून पाया पडला. "कळवतो, काकू," म्हणाला.

कळवलं काही नाहीच. पुढच्या उन्हाळ्यात दुकानादुकानांत त्याची पाकिटं आली. वर नऊवारीतली हसरी म्हातारी, आत जवळजवळ आईचीच चव. गल्लीला पाकीट सोपं पडलं आणि आमचं अंगण ओस पडलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे ऐकून होतो. यानं तर वासे काढून नेले. फोन केला तर गोड आवाजात म्हणाला, "अहो, चटणी तर घराघरात होते." होतेच. भांडायला जागाच ठेवली नव्हती त्यानं.

मध्यंतरी त्याचं व्याख्यान होतं, तरुण उद्योजकांसाठी. मी मुद्दाम गेलो. हॉल खचाखच भरलेला.

"बाजाराचा अभ्यास ऑफिसात होत नाही," तो सांगत होता. "लोकांच्या घरी जेवायला बसा. वाढणारी बाई हातचं काही राखत नाही. तेव्हा विचारा."

टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही त्याला जेवू घालत होतो, आणि तो कामावर होता!

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाला?" मी रागारागानं शब्दन् शब्द सांगितला. ती लसूण सोलत राहिली.

"मागितली असती तर दिली असती की," एवढंच म्हणाली.

परवा पुण्याहून पाहुणे आले होते. जेवताना एकीनं आईच्या चटणीची तारीफ केली, कशी करता म्हणून विचारलं. या प्रश्नावर आई पूर्वी जेवण निवेपर्यंत बोलायची.

"इकत आणलीया," ती म्हणाली. "पाकिटातली हाय." आणि भाकरी आणायला आत गेली.