डेलमर कुबिचेकचा न मोडणारा विक्रम

डेलमर कुबिचेकला हात देवाने दिले आणि पाय मात्र एखाद्या आजारी गाईचे लावले, असे आमच्या गावात म्हणत. बेकरीतल्या ॲग्नेसबाई गरम कोलाच्यांची, म्हणजे मुरंबा भरलेल्या गोड पावांची, पिशवी देताना दर वेळी सांगत, "तुझ्या हातून काही पडायचं नाही, डेल. फक्त घरी पोचेपर्यंत गार होतील."

आमच्या भागातल्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हाताने फेकायच्या आणि झेलायच्या खेळात, एका हंगामात सर्वाधिक झेल घेण्याचा विक्रम या डेलमरचा. ते चेंडू फेकणारा मी. यात मी अभिमान बाळगावा असे काही नाही. त्या वर्षी आम्ही प्रत्येक सामना हरलो. आघाडीवरचा संघ वेळ काढत चेंडू कुशीत धरून धावतो. मागे पडलेल्याला फेकत राहण्यावाचून इलाज नसतो. माझा चेंडू लांब जात नसे आणि डेलमरला लांब पळता येत नसे, त्यामुळे आमचे उत्तम जमले. तो झेलायचा आणि तिथेच आडवा व्हायचा. उठला की मी पुन्हा त्याच्याकडेच फेकायचो.

पुढे मी कॉलेज करून ओमाहात विम्याच्या कचेरीत लागलो. डेलमर गावातच राहिला. धान्यकोठारावर वजनकाटा सांभाळायचा आणि शुक्रवारच्या सामन्यांत मैदानाच्या कडेला, चेंडू किती पुढे सरकला ते मोजायच्या साखळीची काठी धरून उभा राहायचा. दर शरदात माजी विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीत त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवत. निवेदक विक्रमाचे वर्ष वाचून दाखवी आणि त्या वर्षीचे सगळे पराभव गावाला नव्याने आठवत. एकदा मलाही शेजारी उभे केले. माझे नाव पुकारताच एक म्हातारा टाळी वाजवता वाजवता थांबला.

हा विक्रम एकदाचा जावा, एवढीच डेलमरची इच्छा उरली होती. पण गावाचा संघ आता जिंकू लागला होता, त्यामुळे चेंडू फेकण्याची गरजच कुणाला पडत नव्हती. गेल्या वर्षी मात्र संघ जिंकत असतानाही वेड नोवोत्नी नावाचा एक खेळाडू भराभर झेल घेत सुटला. शेवटच्या सामन्याला डेलमरने मला मुद्दाम बोलावून घेतले.

सामना खिशात होता. वेड विक्रमाच्या बरोबरीला आला. आणखी एक झेल, आणि वेळही पुष्कळ. तेवढ्यात प्रशिक्षक स्टॅनने त्याला बाहेर काढून बाकावर बसवले. ध्वनिक्षेपकावरून कारण सांगण्यात आले: डेलमरचा मान राखण्यासाठी संघ त्याचा विक्रम मोडणार नाही. सगळे प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले. मीही उठलो, बसून राहणे वाईट दिसले असते.

डेलमरने काठी शेजारच्याच्या हातात दिली आणि आपल्या त्या सुप्रसिद्ध चालीने स्टॅनपाशी गेला. तो पोचेपर्यंत टाळ्या थांबल्याही होत्या. स्टॅनने हात पुढे करून सांगितले, की हे गावाचे प्रेम आहे.

"प्रेम बस झालं, स्टॅन," डेलमर म्हणाला. "पोराला आत पाठव आणि चेंडू त्याच्याकडेच फेकायला सांग. पुढच्या वर्षीची मिरवणूक मला रस्त्यावर उभं राहून बघायचीय."