राणीची खोली आणि बांबूतल्या भिंती

माझ्या नवऱ्याचा कॉलेजातला मित्र अमेरिकेत, बॉथेल गावात आमच्या जवळच राहायचा. एकटाच. रविवारी जेवायला यायचा, मला वहिनी म्हणायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो वाळत गेला. आधी खोकला, मग मानेवर जांभळे डाग. हॉस्पिटलमधून आला त्या दिवशी त्यानं सांगितलं, एड्स आहे. कसा झाला ते आम्ही विचारलं नाही. तेव्हा त्यावर औषध नव्हतं.

फेब्रुवारीत पाऊस थांबायचं नाव घेईना, तेव्हा तो म्हणाला, "मला कुठेतरी उन्हात न्या यार." म्हणून आम्ही तिघं होनोलुलूला गेलो.

तिथला राजवाडा त्याला बघायचा होता. अमेरिकेत खरोखरचा राजवाडा आहे हे मला ठाऊकही नव्हतं. लाकडी जमिनीला चरे पडू नयेत म्हणून दारातच बुटांवर चढवायला कापडी मोजे देत. त्याला वाकवेना, मी खाली बसून चढवले. शेजारी एक बाई आपल्या मुलीला मोजे घालत होती. तिची नजर त्याच्या मानेवर गेली. तिनं मुलीचा दंड धरून तिला मागे ओढलं. त्यानं कॉलर वर केली.

शेवटच्या राणीचं राज्य गेल्यावर तिला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत कोंडलं होतं. गाईड म्हातारी बाई होती. राणी इथे बसून गोधडी शिवायची, तिला वर्तमानपत्रसुद्धा देत नसत, असं ती सांगत होती.

"भेटायला कोण यायचं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. सोबतीला एक बाई ठेवली होती, तेवढंच."

लोक पुढे गेले. तो खिडकीशी उभाच. नवरा म्हणाला, "चल, दमशील."

"दमलोच आहे रे."

तरी दुपारी त्यानं हट्ट धरला. राजघराण्याचं पूर्वीचं उन्हाळी घर दरीत पडकं उभं होतं, तेही बघायचं होतं. बांबूच्या बनातून चिखलाची वाट. तो नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून चालला. पुढे छप्पर नसलेल्या काळ्या दगडी भिंती, त्यांतून झाडं उगवलेली, डास. तो ढासळलेल्या दगडावर बसला आणि बराच वेळ खोकला.

मग म्हणाला, "घरी कॅन्सर सांगा. फुफ्फुसाचा. सिगारेट ओढायचो हे आईला माहितीये."

"तूच फोन कर ना," नवरा म्हणाला.

"माझा आवाज ऐकला की तिला कळेल. तू सांग. आणि वहिनी, तुम्ही रडू नका, प्लीज."

मी रडत नव्हते. मला राग आला होता. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही.

जूनमध्ये तो गेला. अंत्यसंस्कार करणाऱ्या जवळच्या फ्युनरल होमनं रोग कळताच बॉडी घ्यायला नकार दिला. फोनवर फोन करून शेवटी दुसऱ्या गावात सोय झाली. त्यांनी आम्हाला चेहरा दाखवला नाही, पेटी बंदच ठेवली. नवऱ्यानं पेटीवर हात ठेवून येतील तेवढे श्लोक म्हटले.

त्याच दिवशी नवऱ्यानं मित्राच्या घरी, नागपूरला ट्रंक कॉल लावला. लाइनवर खरखर होती. कॅन्सर हा शब्द त्याला ओरडून दोनदा सांगावा लागला. मग पलीकडून मित्राच्या आईचा आवाज आला, "फार त्रास झाला का रे त्याला?"

"नाही काकू," नवरा म्हणाला. "झोपेत गेला."